यजमान भीमसेन
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



आजच्या भाषणाचा विषय आम्ही चिटणीसांस कळविला, तेव्हा त्यांनी मोठ्या अदबीने एक शंका काढली. ते म्हणाले, "गुरुजी, पंडित भीमसेन जोशी आपल्या ज्ञातीचे नव्हेत, कोकणचेही नव्हेत. मग आपल्या संमेलनात त्यांच्यावर भाषण कसे काय?" शंका रास्त होती. आमच्या स्मरणिकेची जुनी पाने चाळली तर या व्यासपीठावरून आजवर ज्यांचे गुणवर्णन झाले ते बहुतेक आपलेच कुलपुरुष, आपलेच दाते, आपलेच परीक्षेत चमकलेले विद्यार्थी. त्यात गैर काही नाही. परंतु आपण ज्ञातिसंस्था म्हणून जे करू पाहतो, म्हणजे वडीलधाऱ्यांचे स्मरण ठेवावे, वर्षातून एकदा सर्वांनी एकत्र यावे, नव्या पिढीस पाठबळ द्यावे, तेच कार्य या पुरुषाने रक्ताच्या नात्यावाचून आयुष्यभर केले. आपल्यापैकी अनेकांना कार्यकारी मंडळाच्या दोन सभा भरविणेही जड जाते, हे चिटणीसच आपणांस सांगतील. म्हणून हे एवढे मोठे काम एका माणसाने कसे चालविले, हे पाहण्यात आपला लाभ आहे.

आणखी एक गोष्ट आरंभीच सांगून ठेवतो. आम्ही गवई नव्हे, आणि गाण्याचे जाणकार म्हणवून घेण्याची आमची पात्रता नाही. प्राथमिक शाळेत मुलांकडून प्रार्थना आणि कविता म्हणवून घेणे एवढाच आमचा संगीताशी सेवाकाळातला संबंध. शाळेला एक पेटी होती; तिचे दोन सूर काही केल्या बोलत नसत, आणि मुलांनी त्या दोन सुरांच्या जागी थांबण्याची एक पद्धतच पाडून घेतली होती. तेव्हा भीमसेनांच्या तानेची फिरत, त्यांचा आकार, त्यांची श्वासावरील हुकूमत यांविषयी अधिकारी लोकांनी बोलावे. आम्ही बोलणार आहोत ते गायक भीमसेनांविषयी कमी आणि यजमान भीमसेनांविषयी अधिक. पुण्यास १९५३ साली त्यांनी आपल्या गुरूंच्या नावाने जो संगीत महोत्सव सुरू केला आणि देह ठेवीपर्यंत चालविला, त्या घरचे ते यजमान होते.

भीमसेनांचा जन्म ४ फेब्रुवारी १९२२ चा, त्या काळच्या धारवाड जिल्ह्यातील रोण या गावचा. आज तो भाग गदग जिल्ह्यात मोडतो. वडील गुरुराज जोशी हे शिक्षक होते, ही गोष्ट आम्हांस विशेष जिव्हाळ्याची वाटते. या शिक्षकाच्या मुलाला लहानपणापासून गाण्याचे वेड. रस्त्याने भजनी दिंडी गेली, लग्नाचा वाजंत्री ताफा गेला, की पोरगा त्यांच्या पाठोपाठ चालू लागे, आणि थकला की जिथे असेल तिथेच झोपी जाई. शोधून शोधून घरची माणसे हैराण होत. शेवटी वडिलांनी त्याच्या सदऱ्यावर 'जोशी मास्तरांचा मुलगा' असे लिहून टाकले, म्हणजे सापडेल तो माणूस त्यास घरी आणून पोहोचवील. ही हकीकत त्यांच्या चरित्रांतून आलेली आहे. मास्तरांच्या पोटी जन्मलेल्या मुलांची अशी ओळख गावोगाव असते, हे आपणांपैकी पुष्कळांस ठाऊक आहे. या मुलाने मात्र पुढे आपली ओळख बदलून घेतली. ती कशी, ते पाहावे.

खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांची झिंझोटीतील ठुमरी त्याने तबकडीवर ऐकली, आणि असे गाता आले पाहिजे या एका ध्यासाने १९३३ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, घर सोडले. खिशात पैसा नाही, बरोबर कोणी नाही. आगगाडीने विनातिकीट, गाणी म्हणून दाखवीत, विजापूर, पुणे, ग्वाल्हेर असा प्रवास करीत तो थेट पंजाबात जालंधरला पोहोचला. तेथे दरवर्षी हरवल्लभ मेळा भरतो. स्वामी हरवल्लभ यांनी आपले गुरू तुळजागीर यांच्या स्मरणार्थ १८७५ साली सुरू केलेला तो संगीताचा मेळा आपल्या देशातील सर्वांत जुन्या संगीत मेळ्यांपैकी एक आहे. त्या मेळ्यास पुण्याहून विनायकबुवा पटवर्धन गेले होते. त्यांनी या कर्नाटकी मुलाची चौकशी केली आणि सांगितले की, बाबा रे, गुरूच्या शोधात तू इतक्या लांब कशास आलास? तुझ्या घराजवळ कुंदगोळला सवाई गंधर्व आहेत, त्यांच्याकडे जा.

येथे क्षणभर थांबावेसे वाटते. विनायकबुवा हे पंडित विष्णू दिगंबर पलुसकरांचे शिष्य, ग्वाल्हेर घराण्याचे. मुलगा हुशार दिसतो तर त्यास आपल्याच विद्यालयात घ्यावे, असे त्यांच्या मनात आले असते तर त्यात नवल नव्हते. पण मुलाला ज्या गाण्याची ओढ होती ते किराणा घराण्याचे, म्हणून त्यांनी त्यास दुसऱ्या घराण्याचे दार दाखविले. शिक्षकाच्या वृत्तीची परीक्षा अशा वेळी होते. आणि पाहा, हा प्रसंग घडला तो एका गुरुस्मरणाच्या संगीत मेळ्यात. ज्या मुलाने पुढे आपल्या गुरूच्या स्मरणार्थ महोत्सव उभा केला, त्याला त्या गुरूचा पत्ता एका गुरुस्मरणाच्या मेळ्यातच मिळाला.

आता त्या गुरूंविषयी. रामचंद्र गणेश कुंदगोळकर, म्हणजेच सवाई गंधर्व, यांचा जन्म १९ जानेवारी १८८६ चा. त्याच वर्षी ब्रह्मदेशचा पदच्युत राजा थिबा इंग्रजांनी आपल्या रत्नागिरीस आणून ठेवला. सन लक्षात राहावा म्हणून सांगितले. रामभाऊ खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्याजवळ शिकले, पुढे संगीत रंगभूमीवर गेले, स्त्रीभूमिका केल्या. बालगंधर्वांचा तो काळ. अमरावतीस दादासाहेब खापर्डे यांनी त्यांस 'सवाई गंधर्व' म्हटले आणि तेच नाव कायमचे झाले. उतारवयात त्यांस अर्धांगाचा झटका आला आणि गाणे थांबले. पण त्याआधी त्यांनी जे शिष्य तयार केले, त्यांनी त्यांचे गाणे थांबू दिले नाही.

कुंदगोळच्या घरी १९३६ च्या सुमारास भीमसेन दाखल झाले. गुरुगृही राहणे म्हणजे काय, हे आजच्या शिकवणीवर्गाच्या काळात मुलांस समजावून सांगणे कठीण आहे. पाणी भरणे, घरकाम करणे, पडेल ते काम अंगावर घेणे. आणि शिक्षण सुरू झाल्यावर पहाटेपासून खर्ज. तोडी, मुलतानी आणि पूरिया हे राग मुख्यत्वे शिकविले, असे भीमसेन सांगत. राग थोडे, पण त्यांतून बाकीच्या रागांत शिरण्याची वाट दाखविली. आमच्या शिक्षकी अनुभवाप्रमाणे वर्षभरात पुस्तकाचे सगळे धडे उरकणारा मास्तर अनेकांस आवडतो. दोन धडे पक्के करून घेणारा मास्तर त्या वर्षी कोणास आवडत नाही.

त्याच घरी हुबळीहून एक तरुण गायिका शिकावयास येई. तिचे नाव गंगूबाई हनगळ. ती आगगाडीने येई आणि रात्री परत जाई. भीमसेन तिला स्टेशनापर्यंत पोहोचविण्यास जात आणि वाटेत आज गुरुजींनी काय सांगितले ते विचारून घेत, असे स्वतः गंगूबाईंनी सांगितले आहे. या गंगूबाईंविषयी ज्ञातिसंस्थेच्या व्यासपीठावर दोन शब्द अधिक बोललेच पाहिजेत. ज्या समाजात त्या जन्मल्या, त्या समाजातील स्त्रियांचे गाणे ऐकण्यास प्रतिष्ठित लोक जात. परंतु त्यांस आपल्या पंक्तीस बसवीत नसत. १९२४ साली बेळगावास काँग्रेसचे अधिवेशन भरले. अध्यक्ष महात्मा गांधी. लहानग्या गंगूबाईंनी तेथे स्वागतगीत गायिले. गाणे उत्तम झाले, परंतु जेवणाच्या वेळी आपल्या जातीमुळे आपणांस वेगळे वागविले जाईल की काय, ही धास्ती त्या मुलीच्या मनात होती, हे त्यांनी उतारवयात लिहून ठेवले आहे. गांधीजींच्या सभेतही हे भय तिच्या मनातून गेले नव्हते. ही गोष्ट वाचली तेव्हा आम्हांस कित्येक दिवस चैन पडले नाही. आपल्या गावात १९३१ साली भागोजीशेठ कीर यांनी द्रव्य खर्चून पतितपावन मंदिर बांधले आणि त्याची दारे सर्वांस उघडी केली, ही आपल्या अभिमानाची गोष्ट. परंतु ते मंदिर बांधण्याची गरज का पडली, हेही त्याच अभिमानाबरोबर स्मरणात असावे.

आता ही परंपरा एका ओळीत उभी करून पाहा. अब्दुल करीम खाँ मुसलमान, उत्तरेकडील कैराना गावचे. त्यांचे शिष्य रामभाऊ ब्राह्मण, कानडी मुलखातले. रामभाऊंच्या शिष्या गंगूबाई, ज्यांच्या घराण्याची कथा आत्ताच सांगितली. दुसरे शिष्य फिरोज दस्तूर पारशी, मुंबईचे. बालपणी बोलपटांतून काम केलेले. तिसरे भीमसेन, मास्तरांचा मुलगा. या सगळ्यांस जोडणाऱ्या नात्यास आपले लोक 'घराणे' म्हणतात. शब्द कोणता वापरला ते लक्षात घ्यावे. घराणे हा तर आपल्या ज्ञातिसंस्थांचा नेहमीचा शब्द. आपल्याकडे तो वंशावळीवरून ठरतो. गवयांकडे घराण्यात शिरण्याचा मार्ग शिक्षणाचा आहे. सदऱ्यावर लिहिलेले 'जोशी मास्तरांचा मुलगा' हे नाव पुसले गेले आणि त्या जागी 'सवाई गंधर्वांचा शिष्य' हे नाव आले, ते असे.

रत्नागिरीहून आंबा घाट चढून कोल्हापूर, आणि तेथून पुढे मिरज. अब्दुल करीम खाँ १९३७ साली दक्षिणेत प्रवासात असता वारले. त्यांस मिरजेच्या ख्वाजा शमना मीरा दर्ग्याच्या आवारात दफन केले. तेथे उरुसाच्या वेळी चिंचेच्या झाडाखाली गाणे होते. मोठमोठे कलावंत तेथे हजेरी लावून गेले. भीमसेनही तेथे गात. त्याच मिरजेत तंबोरे आणि सतारी घडविणाऱ्यांची घरे आहेत, आणि २०२४ साली मिरजेच्या सतारीस आणि तंबोऱ्यास भौगोलिक मानांकन मिळाले. वडीलधाऱ्याच्या स्थानी दरवर्षी येऊन गाऊन जावे, ही रीत किराणा घराण्याच्या अंगवळणी पडलेली होती, एवढे यावरून दिसते.

१९४६ च्या जानेवारीत सवाई गंधर्वांच्या साठीनिमित्त पुण्यात समारंभ झाला. त्यात भीमसेन गायिले आणि रसिकांस कळले की हा कोणी निराळा गायक आहे. गुरूंचे देहावसान १२ सप्टेंबर १९५२ रोजी झाले. पुढल्याच वर्षी, १९५३ साली, पुण्यात पहिला पुण्यतिथी समारंभ झाला. गुरूंचे जामात डॉ. नानासाहेब देशपांडे, गंगूबाई, फिरोज दस्तूर ही मंडळी सोबत होती. संस्थेचे नाव आर्य संगीत प्रसारक मंडळ. खाँसाहेबांनी पुण्यात काढलेल्या विद्यालयाचे नावही आर्य संगीत विद्यालय होते.

भीमसेन त्या वेळी एकतीस वर्षांचे होते, हे लक्षात असू द्यावे. आपले नाव होण्याचे ते वय. मैफली मिळविणे, रेडिओवर वेळ मिळविणे, संसार चालविणे. अशा वयात दुसऱ्याच्या नावाचा समारंभ अंगावर घेणे म्हणजे स्वतःच्या उत्पन्नाचे आणि श्रमाचे दिवस खर्ची घालणे. आणि पुढे त्यांचे स्वतःचे नाव एवढे मोठे झाले की देशभर विमानाने धावपळ करणाऱ्या या गवयास पु. ल. देशपांडे यांनी 'हवाई गंधर्व' म्हटले, असे सांगतात. १९७२ साली पद्मश्री, १९८५ साली पद्मभूषण, १९९९ साली पद्मविभूषण आणि २००८ साली भारतरत्न. १९८८ साली दूरदर्शनवर देशाच्या एकतेचे जे गीत लागले त्याचा पहिला स्वर त्यांचाच. एवढा लौकिक असताना, १९५३ पासून २०१० पर्यंत, महोत्सवास त्यांनी स्वतःचे नाव लागू दिले नाही. तो सवाई गंधर्वांचाच राहिला. २४ जानेवारी २०११ रोजी ते गेले, आणि त्यानंतरच मंडळाने 'सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव' असे नाव केले. ते योग्यच झाले. पण आमच्या मनात येते की यजमान हयात असते तर त्यांनी ही पाटी बहुधा उतरवून ठेवली असती.

(आमच्या स्मरणिकेत देणगीच्या आकड्याप्रमाणे छायाचित्राचा आकार ठरतो. हे आम्ही टीका म्हणून सांगत नाही. छपाईचा खर्च निघाला पाहिजे, हे आम्हांस कळते.)

यजमान म्हणजे कोण? लग्नघरी पाहावे. सर्वांत आधी उठतो आणि सर्वांत शेवटी जेवतो, तो यजमान. भीमसेनांनी महोत्सवात हेच केले. कलावंतांस निमंत्रण देणे, त्यांच्या उतरण्याची सोय पाहणे, नव्या गायकाचे गाणे बाजूस बसून ऐकणे, आणि सर्वांचे गाऊन झाल्यावर स्वतः गाणे. अखेरच्या सत्रात, पूर्वीच्या काळी उजाडता उजाडता, भीमसेन गात. आणि त्यांच्या गाण्यावरही समारंभ संपत नसे. शेवटी सवाई गंधर्वांच्या भैरवीची ध्वनिमुद्रिका लावीत. म्हणजे शेवटचा स्वर गुरूचा. ती प्रथा त्यांच्या पश्चातही टिकली आहे.

दुसरे असे की, या घराण्याच्या समारंभात पंक्ती सर्व घराण्यांच्या बसल्या. जयपूर घराण्याचे मल्लिकार्जुन मन्सूर आणि किशोरी आमोणकर, मेवाती घराण्याचे जसराज, संतूरवर शिवकुमार शर्मा, तबल्यावर झाकीर हुसेन, नृत्यात बिरजू महाराज, अशी किती नावे सांगावीत? केवळ किराण्याचे शिष्य बोलावून गुरुस्तुती केली असती तर समारंभ तीन-चार वर्षांत आटोपला असता. विनायकबुवांनी जालंधरला जे औदार्य दाखविले होते, त्याची परतफेड भीमसेनांनी या मंचावर केली असे आम्ही समजतो.

याआधी असे प्रयत्न झाले नव्हते असे नाही. पंडित भातखंडे यांनी १९१६ साली बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरविली. तीत शास्त्रचर्चा मोठी होती. विष्णू दिगंबरांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि पुढे मुंबईस मोठी इमारत उभारली. कर्जापायी ती हातची गेली. थोर पुरुषांची थोर कामे. पण महाराजांचा आश्रय महाराजांबरोबर जातो आणि इमारतीवर सावकाराचा डोळा असतो. पुण्याचा महोत्सव उभा राहिला तो तिकीट काढून येणाऱ्या श्रोत्यांवर. खुर्ची ज्यास परवडत नाही त्याने भारतीय बैठकीवर बसावे. कारकून, शिक्षक, विद्यार्थी, गृहिणी, सारे शेजारी शेजारी. तेथे शेजारच्याचे आडनाव कोणी विचारीत नाही. फार तर 'हा कोणता राग?' असे विचारतो, आणि तेही हळूच.

आम्ही स्वतः दोनदा एस.टी.ने रात्रभर प्रवास करून त्या महोत्सवास गेलो. त्या वेळी तो शनिवार पेठेत रमणबागेच्या मैदानावर भरत असे. डिसेंबरची थंडी, अंगावर शाल, डब्यात दशम्या आणि सुकी चटणी. पहाटे तीन वाजता मागे वळून पाहिले तर मंडप भरलेला, आणि पुढच्या रांगेत एक आजीबाई नातवाला मांडीवर निजवून ताठ बसलेल्या. आमच्यासारख्या अडाण्यास ते गाणे किती कळले, हे विचारू नये. पण तोडी म्हणजे काय, ते सकाळच्या थंडीत कळते. पुस्तकात वाचून कळत नाही.

ते दिवस आता राहिले नाहीत. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद, आणि थोड्याच दिवसांपुरती मध्यरात्रीपर्यंत सवलत. नियम लोकांच्या झोपेसाठी आहे आणि तो असावाच. आजारी माणसाच्या खिडकीखाली रात्रभर कर्णा वाजवणाऱ्या मंडळांचा अनुभव आपणां सर्वांस आहे, तेव्हा कायद्यास दोष देता येत नाही. पण त्यामुळे एक नुकसान झाले. आपले राग प्रहरांत वाटलेले आहेत. मध्यरात्रीचा दरबारी किंवा मालकंस, उत्तररात्रीचे आणि पहाटेचे राग, हे ज्या वेळी गावयाचे ती वेळच मैफलीस उरली नाही. महोत्सव दुपारी सुरू करून दिवस वाढविले, रविवारी सकाळी बसविला, असे उपाय मंडळाने काढले. जागाही बदलली, २०१८ पासून महोत्सव मुकुंदनगरात भरू लागला. महामारीच्या काळात, म्हणजे २०२० आणि २०२१ साली, तो होऊ शकला नाही. २०२२ साली अडुसष्टावा महोत्सव झाला आणि गाडी पुन्हा मार्गास लागली. यजमानांच्या पश्चात त्यांचे चिरंजीव श्रीनिवास जोशी आणि मंडळाची मंडळी हा भार वाहत आहेत.

भीमसेन निर्दोष होते, असे कोणी समजू नये. मद्याच्या आहारी गेल्याचा काळही त्यांच्या आयुष्यात होता आणि त्यातून ते बाहेर आले, हे त्यांच्या चरित्रकारांनी लिहिले आहे. आम्ही हे सांगतो ते तरुणांसाठी. मोठ्या माणसाची तसबीर भिंतीवर लावली की तो आपल्या उपयोगाचा राहत नाही. चुकणारा, पडणारा, मोटार स्वतः हाकणारा आणि बिघडली तर स्वतः खाली वाकून पाहणारा माणूस असे काम करू शकतो, हे कळले म्हणजे धीर येतो.

आता आपल्या गावाकडे येतो. रत्नागिरीस गाण्याचे वातावरण नाही, ही तक्रार आम्ही मान्य करीत नाही. थिबा राजवाड्याच्या आवारात आर्ट सर्कलचा संगीत महोत्सव होतो. खल्वायन संस्थेच्या मैफली होतात. आपल्याकडे कीर्तन आहे, गावोगावची भजनी मंडळे आहेत, शिमग्यातले नमन आहे, आणि गणपतीत तर घरटी एक मृदंगवाला निघतो. तक्रार आहे ती निराळी. ज्यांनी या गावात तीस-चाळीस वर्षे घरच्या ओटीवर बसून मुलांस पेटी, तबला आणि गाणे शिकविले, अत्यल्प फी घेतली, कित्येकदा तीही घेतली नाही, त्यांची नावे कोणी लिहून ठेवलेली नाहीत. त्यांत आपल्या ज्ञातीचे होते, इतर ज्ञातींचे होते, मुसलमानही होते. त्यांच्याकडे शिकलेली मुले आज मुंबई-पुण्यास आणि परदेशांत आहेत; त्यांपैकी कित्येकांची नावे आपल्या देणगीदारांच्या यादीत आहेत.

आपले मंडळ दरवर्षी गुणवंत विद्यार्थ्यांस पारितोषिके देते. ती टक्केवारीवर. ती तशीच चालू ठेवावीत. परंतु आमची विनंती अशी की, त्या निधीस हात न लावता, वेगळी लहानशी वर्गणी करून, या गावातील दिवंगत संगीत-शिक्षकांच्या स्मरणार्थ वर्षातून एक संध्याकाळ ठरवावी. दिवस ठरलेला असावा; पाहुण्यांच्या सोयीने तो पुढे-मागे करू नये. गाणारा कोणत्याही ज्ञातीचा असावा, ऐकणाराही. तिकीट अल्प असावे, पण असावे. फुकट मैफलीस लोक उशिरा येतात आणि लवकर उठतात. पहिल्या वर्षी पन्नास श्रोते आले तरी पुष्कळ झाले. मिरजेहून तंबोऱ्याची एक जोडी आणून ती मंडळाच्या कपाटात ठेवावी आणि गावातील कोणत्याही शिकणाऱ्या मुलास ती वापरावयास द्यावी. आणि प्रत्येक वर्षी एका शिक्षकाची माहिती, त्याच्या शिष्यांकडून लिहून घेऊन, या स्मरणिकेत छापावी. त्यासाठी छायाचित्राचा आकार आम्ही आत्ताच सुचवून ठेवतो : सर्वांचा सारखा.

कोषाध्यक्ष आमच्याकडे पाहत आहेत, हे आमच्या लक्षात आले आहे. जोडीची पहिली वर्गणी आम्ही आमच्या निवृत्तिवेतनातून आज चिटणीसांकडे देत आहोत. पावती मात्र 'एक शिक्षक' एवढ्याच नावाने फाडावी. बाकीचा प्रश्न येत्या सर्वसाधारण सभेत ठराव म्हणून मांडण्याची अनुज्ञा अध्यक्ष महाशयांनी द्यावी. यजमानपण कोणी पत्करावे, हा त्या ठरावातील सर्वांत अवघड भाग आहे. कारण त्याने सर्वांच्या आधी येऊन सतरंजी अंथरावयाची आणि सर्वांच्या मागून जावयाचे आहे. वय साथ देईल तोवर सतरंजीचे काम आम्ही करू.

 पुढील कार्यक्रम बालगोपाळांच्या समूहगीताचा आहे. त्यांस फार वेळ ताटकळत ठेवले, तेव्हा आता आम्ही आमचे आसन घेतो.